आवाजाचा ताजा नमुना

भातेकाकांचं खरं आडनाव विजेच्या बिलावर छापून यायचं आणि तिथेच राहायचं. गल्लीत कुणी त्यांना त्या नावाने हाक मारली असती, तर कुणाला बोलावतायत म्हणून काकांनीच मागे वळून पाहिलं असतं. चाळीस वर्षं माणूस अकॉर्डियनचे फाटके भाते शिवत बसलाय, घड्यांना आतून कापड चिकटवतोय, कोपऱ्यांना चामडं लावतोय, म्हटल्यावर लोक दुसरं काय म्हणणार? आडदांड शरीर, जाड बोटं, आणि त्या जाड बोटांनी काम मात्र केसाएवढं बारीक. बोलणं मोजकं, तेही बहुतेक वाद्यांशीच. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी काका अकॉर्डियनलाच विचारत, "काय गं, कुणी आपटलं तुला?" आणि गिऱ्हाईक ओशाळून म्हणे, "मीच. जिन्यावरून पडली."

दुकान एक माणूस आणि एक स्टूल मावेल एवढं. खिडकीखाली लांब बाक. त्या बाकाचा एक कायदा होता: एक वाद्य दुरुस्त होऊन दाराबाहेर गेल्याशिवाय दुसरं बाकावर चढायचं नाही. काम संपलं की बाक पुसायचं, मेणाचे कण खरवडायचे, उरलेला खिळा-स्क्रू कचऱ्यात. "उद्या लागेल" म्हणून काही ठेवायचं नाही. या कायद्यामुळे चाळीस वर्षांत एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या पोटात गेला नाही, असं काका छाती फुगवून सांगत. सांगू देत बापडे. त्याच कायद्याने त्यांचा गळा कापला, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

आता काकू. काकू पाळणाघरात होत्या, बावीस वर्षं. दुपारी साडेबारा ते अडीच तिथे मुलांची झोपायची वेळ. पडदे ओढलेले, जमिनीवर वीसेक छोट्या गाद्या, आणि एका पोराने भोकाड पसरलं की उरलेली एकोणीस त्याला साथ द्यायला तयारच. मग काकू मधल्या गादीवर बसून गायच्या. शब्द नसायचेच. नुसतं ऊं-ऊं आणि लो-लो. पण चाल प्रत्येक वेळी नवी, समोरच्या पोराला बेतून शिवलेली. दात येणाऱ्याची अंगाई वेगळी, आई घाईत पापा न घेता गेली म्हणून मुसमुसणारीची वेगळी, आणि "मी झोपणारच नाही" म्हणून डोळे वटारून बसणाऱ्याची तर अशी की पहिल्या चार सुरांत ती स्वारी आडवी व्हायची. काकूंचा आवाज गोड होता असं मी म्हणणार नाही. गोड आवाज पुष्कळ असतात. हा जाडसर होता, थोडा खरबरीत, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या चादरीसारखा. त्यात शिरलं की बाहेर यावंसं वाटत नसे.

आया मागे लागल्या. "काकू, सुट्टीच्या दिवशी हा घरी झोपतच नाही हो. तुमचं ते गाणं आम्हाला द्या ना." किती जणींना किती वेळा शिकवणार? म्हणून रविवारी सकाळी दुकानाचं दार लावून नवरा-बायको बसायला लागले. काकू स्टुलावर, काका बाकाच्या टोकाला आपली जुनी अकॉर्डियन घेऊन, मध्ये एक मुठीएवढा रेकॉर्डर. गाणं झालं की काका ते इंटरनेटवर आपल्या चॅनलवर चढवत आणि खाली दर वेळी तेच वाक्य लिहीत: "कोणीही घ्यावं, कोणीही गावं, परवानगी मागू नये." मग रेकॉर्डरचं कार्ड पुसून टाकत. पुढच्या रविवारी कोरं कार्ड, कोरं बाक. गाणं तर चढलंय, ते कुठे जातंय? इंटरनेटवर गेलेलं कधी पुसलं जात नाही, असं त्यांना जो तो सांगत असे. अशी सत्तावीस गाणी झाली. त्यातून काही कमवायचा विचार दोघांच्या स्वप्नातही नव्हता. एकदा परक्या मुलखातल्या कुणा बापाने खाली लिहिलं होतं, "आज आमची पहिल्यांदा सहा तास झोपली," तेव्हा काकूंनी आख्ख्या पाळणाघराला बिस्किटं वाटली.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण पुढे सगळं तिच्यावर येऊन ठेपलं. अकॉर्डियनच्या पोटात धातूच्या बारीक बारीक जिभा असतात. वारा गेला की त्या थरथरतात आणि वाजतात. धंद्यात त्यांना सूरच म्हणतात. सूर टोकाशी घासला की आवाज चढतो, बुडाशी घासला की उतरतो. जगातली प्रत्येक अकॉर्डियन एका ठरलेल्या मापाला लावलेली असते, आणि त्या मापापासून केसभर ढळलेलं वाद्य काका गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. पण काकूंचा आवाज त्या मापाला बसायचा नाही. तो दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत कुठेतरी राहायचा. वर ओढला तर चिरायचा, खाली नेला तर बुडायचा. काकांनी बायकोला एकदाही "जरा वर घे" म्हटलं नाही. त्यांनी आपल्या अकॉर्डियनचे सगळेच्या सगळे सूर काढले आणि महिनाभर एकेक सूर बुडाशी घासून बायकोच्या आवाजाला आणून लावला. दुसरा कुणी कारागीर हे ऐकता तर त्याने कानाला हात लावले असते. चांगलं वाद्य कायमचं बिघडवून ठेवलं! त्या अकॉर्डियनवर आता दुसऱ्या कुणाबरोबर वाजवणं शक्य नव्हतं. काका म्हणत, "वाजवायचंय कुणाला?"

मग चार वर्षांपूर्वी काकूंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर चांगले होते, हात चांगला होता, काकू वाचल्या. आवाज राहिला नाही. स्वरयंत्रच काढावं लागलं. गळ्याच्या खाली एक भोक, त्यावर पातळ कापडाचा रुमाल, श्वास तिथूनच. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दवाखान्याने दिलं होतं, काकूंनी एकदा लावून पाहिलं, स्वतःला ऐकलं आणि वहीत लिहिलं, "ही दाराची बेल मला नको." त्यानंतर घरात टाळ्या आल्या. एक टाळी म्हणजे "अहो". दोन म्हणजे "अहो, ऐकताय का?" तीन टाळ्या म्हणजे दूध उतू गेलं. बाकी सगळं वहीत. काकूंचं अक्षर फर्डं होतं आणि टोमणे लिहिताना तर जास्तच फर्डं व्हायचं.

काका रोज दुकानात जेवणाचा डबा उघडण्याआधी चॅनल उघडून एक गाणं ऐकत. एकच. जास्त ऐकलं तर संपून जाईल अशी काहीतरी खुळी भीती. घरी त्यांनी दोन-तीनदा लावून पाहिलं होतं. पण गाणं सुरू झालं की काकू उठून आत जायच्या आणि भांडी आवरायला लागायच्या. काका समजले. तिला सोसत नाही. त्यांनी घरी लावणं सोडलं आणि तो विषयच बंद करून टाकला.

एका मंगळवारी डबा उघडायच्या आधी त्यांनी चॅनल उघडला तर सत्तावीस करडे चौकोन. एकही गाणं वाजेना. प्रत्येकावर इंग्रजीत तीच एक ओळ. काकांना वाटलं, फोन बिघडला. फोन घेऊन ते शेजारी झेरॉक्सवालीकडे गेले. ही तिशीतली बाई, अंगाने काडी, जीभ म्हणजे कात्री. गल्लीतले सगळे अर्ज, सगळे फॉर्म तिच्याच हातून जायचे. तिने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिची कात्री जागच्या जागी थांबली.

"काका, हे म्हणतायत की ही गाणी तुमची नाहीत."

"मग कुणाची आहेत?"

"एक कंपनी आहे. त्यांचा अल्बम आहे म्हणे, बाळांना झोपवायचा. तुम्ही त्यांची सत्तावीस गाणी चोरून इथे टाकलीत असं लिहिलंय. तीस दिवसांत तुमचा हक्क सिद्ध करायचा. नाहीतर चॅनल कायमचा पुसून टाकणार."

काका हसले. खरंच हसले. कुणीतरी येऊन तुमची बायको तुमची नाही म्हणावं, तसं ते त्यांना वाटलं. झेरॉक्सवालीने तो अल्बम शोधून लावला. आधी समुद्राच्या लाटा आल्या, सळसळ, सळसळ, आणि त्या लाटांच्या मागून काकू गायला लागल्या. दात येणाऱ्या पोराची अंगाई. मागे काकांची अकॉर्डियन. कव्हरवर झोपलेलं गुबगुबीत बाळ, आणि गायिका म्हणून कुणा भलत्याच बाईचं नाव. ती बाई जगात होती की नव्हती, देव जाणे. काकांचं हसणं तिथेच मिटलं. ते कागदाच्या गठ्ठ्यावर बसले, आणि एरवी गठ्ठ्याला हात लावू न देणाऱ्या झेरॉक्सवालीने त्यांना बसू दिलं.

फॉर्म भरला. "मूळ रेकॉर्डिंग जोडा" असं त्यात होतं. मूळ रेकॉर्डिंग! काकांनी झेरॉक्सवालीला बाकाचा कायदा सांगितला. तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"एक पण ठेवलं नाहीत? सत्तावीसमधलं एक?"

"बाक मोकळं ठेवायचं असतं," काका म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ते वाक्य मूर्खासारखं वाटलं.

मग त्यांनी शब्दांत लिहिलं. पाळणाघर, रविवार, स्टूल, सगळं. पाच दिवसांनी उत्तर आलं, ते उत्तर असं की फॉर्म अपुरा आहे. पुन्हा भरला. मग त्या कंपनीला थेट पत्र लिहिलं. तिकडून नम्र उत्तर आलं: गाण्यांखाली आपण स्वतःच "कोणीही घ्यावं" असं लिहिल्याचं आम्ही नोंदवलं आहे, तेव्हा आमच्याकडून काही गैर झालेलं नाही. काकांनी ते पत्र बाकावर आपटलं. "अरे, घ्या म्हटलं होतं. माझ्याकडचं काढून घ्या असं कुठे म्हटलं होतं?" दुकानात ऐकायला कुणी नव्हतं. बाकावर एक फाटक्या भात्याची अकॉर्डियन होती, तिला त्यांनी हे सगळं दोनदा ऐकवलं.

बाराव्या दिवशी झेरॉक्सवालीने कुठून कुठून खटपट करून साइटवाल्यांचा एक फोन नंबर मिळवला. पाऊण तास एकच धून वाजत राहिली, मग एक तरुण आवाज आला. इतका गोड की काकांना आशा वाटली.

"सर, एक सोपा मार्ग आहे. मूळ गायिका तुमच्याकडेच आहेत ना?"

"आहे ना. घरीच आहे. माझी बायको आहे ती."

"वा, मग झालंच. त्यांच्या आवाजाचा ताजा नमुना पाठवा. दोन ओळी गायल्या तरी पुरे. मशीन जुळवून बघेल."

झेरॉक्सवालीने फोनकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली.

"ती गाऊ शकत नाही," काका म्हणाले. "तिचा आवाज गेलाय."

"अरेरे. घसा बसलाय का? काही हरकत नाही, सर. बरं वाटलं की पाठवा. अजून अठरा दिवस आहेत तुमच्याकडे."

काकांनी समजावून सांगितलं. गाठ, ऑपरेशन, चार वर्षं. तिकडचा मुलगा चांगल्या घरचा असावा, त्याला वाईट वाटलं. पण त्याच्यासमोरच्या पडद्यावर "आवाजाचा नमुना" असा चौकोन होता, आणि त्या चौकोनात वाईट वाटलेलं टाकता येत नव्हतं. दवाखान्याचे कागद पाठवा म्हणाला. पाठवले. कागद परत आले: सदर कागदपत्रांचा मालकी हक्काशी संबंध नाही. तेही खरंच. बाईचा आवाज गेला एवढं त्यावरून सिद्ध होत होतं. गेलेला आवाज कोणता, हे कुठला डॉक्टर लिहून देणार?

घरी काकांनी चकार शब्द काढला नव्हता. एवढं सोसून बाई उभी राहिलीय, तिला कशाला सांगायचं की आता उरलासुरला आवाजही चालला? ते वेळेवर घरी जात, जेवत, काकूंनी वहीत लिहिलेल्या टोमण्यावर हसत. हसून हसून गाल दुखायचे. काकू मध्येच पेन थांबवून त्यांच्याकडे बघायच्या. काका म्हणत, "काय बघतेस? जेव."

मग पाळणाघराच्या जुन्या आया. कुणाकडे तरी गाणं उतरवून ठेवलेलं असेलच की! काका सुट्टीच्या दिवशी दारोदार फिरले. सगळ्यांना काकू आठवत होत्या, सगळ्यांनी चौकशी केली, सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. पण उतरवून ठेवायची गरज कुणालाच कधी पडली नव्हती; हवं तेव्हा ऐकायला मिळत होतं ना. एकीच्या जुन्या फोनमध्ये होतं, तो फोन तिच्या लेकाने बादलीत बुडवला होता. आणि एकीने दारातच आनंदाने टाळी वाजवली. "आहे! माझ्याकडे आहे, थांबा!" तिने फोन त्यांच्या हातात दिला. आधी लाटा आल्या. सळसळ, सळसळ.

"गेल्याच महिन्यात मिळालं," ती बाई कौतुकाने म्हणाली. "कोण गायिका आहे माहीत नाही, पण काका, अगदी आपल्या काकूच वाटतात नाही?"

काकांनी मान डोलावली, तिचे आभार मानले आणि जिना उतरले. त्या आठवड्यात त्यांनी एक वाईट सवय लावून घेतली. डबा उघडण्याआधी ते चोरांचा अल्बम ऐकायला लागले. दुसरीकडे कुठे आवाज होता? ऐकताना शिव्या घालायचे, आणि ऐकायचे. एक दिवस रंधा मारता मारता त्यांनी सहज बायकोचा आवाज आठवून पाहिला, तर आठवणीतसुद्धा मागे लाटा होत्या. त्यांनी रंधा खाली ठेवला. नुसता आवाज, दुकानातला, रविवार सकाळचा, तो येईचना. त्या दिवशी काका घाबरले. खरे घाबरले, लहान मूल घाबरतं तसे.

सव्विसाव्या दिवशी त्यांना अकॉर्डियन आठवली. बाकाखालच्या पेटीत ती चार वर्षं पडून होती. ती आधी का आठवली नाही म्हणून तुम्ही विचाराल. ज्या वाद्याकडे बघवत नाही ते माणसाला आठवत नाही, एवढंच. पेटी उघडून त्यांनी एकच सूर धरला आणि तसेच धावत शेजारी गेले, एप्रनसकट.

"अगं, ती जुळत नाही!"

"काय जुळत नाही, काका?"

"कशालाच जुळत नाही! हिचे सूर मी तिच्या आवाजाला घासलेत. जगात दुसरी अशी अकॉर्डियन नाही, असूच शकत नाही, कुणी शहाणा असं करणारच नाही. आणि तीच त्यांच्या अल्बममध्ये वाजतेय. मग त्यांना म्हणावं, तुमची दाखवा!"

झेरॉक्सवालीने दुकानावर "पाच मिनिटांत येते" अशी पाटी लावली आणि दोन तास ती काढलीच नाही. तिने फोन धरला, काकांनी अकॉर्डियन उघडली. एकेक सूर भिंगाखाली दाखवला, बुडाशी घासल्याच्या खुणा, चाळीस वर्षांच्या हाताच्या. ठरलेल्या मापाशी तुलना करून दाखवली. मग अल्बममधला तुकडा लावला, लगेच तोच तुकडा स्वतः वाजवला. मग त्यांनी सगळी अंगाईच वाजवली, दात येणाऱ्या पोराची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, जशी तेव्हा वाजवली होती तशी. गायला कुणी नव्हतं, तरी तिच्यासाठी जिथे थांबायचे तिथे काका थांबले. झेरॉक्सवाली फोन धरून रडत होती, पण हात हलू दिला नाही तिने.

फॉर्ममध्ये व्हिडिओ जोडायला जागाच नव्हती, फक्त लिंक टाकायला होती. म्हणून तिने तो व्हिडिओ काकांच्या चॅनलवर चढवला, लिंक घेतली, फॉर्ममध्ये डकवली. दोघं चहा प्यायला बसले. काका महिन्याभरात पहिल्यांदा पाठ टेकून बसले. "आता कुणी माणूस हे ऐकेल ना," ते म्हणाले, "ज्याला कान आहेत त्याला लगेच कळेल."

चहा अर्धा व्हायच्या आत फोन वाजला. चार मिनिटं झाली असतील. झेरॉक्सवालीने वाचलं आणि पेला खाली ठेवला.

कुणा माणसाने ऐकलंच नव्हतं. मशीनने ऐकलं होतं. नव्या व्हिडिओतलं संगीत संबंधित कंपनीच्या मालमत्तेशी सत्त्याण्णव टक्के जुळतं. आधीचा इशारा असताना पुन्हा तोच गुन्हा. चॅनल कायमचा पुसण्यात आला आहे, आणि त्यावरचं सर्व साहित्यही. हा निर्णय अंतिम आहे.

"सत्त्याण्णव?" काकांनी विचारलं.

"सत्त्याण्णव."

"मग तेच तर म्हणतोय मी! दोन्ही एकच आहेत! मान्य केलं की त्यांनी!" ते उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. "अगं, त्यांना सांग ना. मशीनने मान्य केलं म्हणावं. सांग ना कुणालातरी."

झेरॉक्सवालीने तो नंबर पुन्हा लावला. ज्या खात्याची तक्रार होती ते खातंच आता अस्तित्वात नव्हतं, त्यामुळे फोन पुढे जाईना. तिने सात वेळा लावला. आठव्या वेळी काकांनीच तिच्या हातातून फोन काढून घेऊन टेबलावर ठेवला. नंतर त्यांनी जाऊन आपलं बाक पुसलं. बाकावर काहीच नव्हतं, तरी पुसलं.

ते घरी पोचले तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. काकू जमिनीवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "आज लवकर आलो, काम नव्हतं फारसं," काका म्हणाले आणि चप्पल काढायला वळले.

दोन टाळ्या वाजल्या. काकांनी वळून पाहिलं. काकूंनी वही पुढे केली.

"गेलं ना सगळं?"

काकांना वाटलं, झेरॉक्सवालीने सांगितलं. काकूंनी नकारार्थी मान हलवली आणि लिहिलं, "त्या मंगळवारीच कळलं. सत्तावीस करडे चौकोन."

"तुला कसं दिसलं? तू कुठे..."

"मी रोज ऐकायचे. तुम्ही दुकानात गेलात की. साडेबाराला."

काका खाली बसले, घड्यांच्या ढिगाजवळच. चार वर्षं. ते तिकडे एक गाणं ऐकत होते, ती इकडे ऐकत होती, आणि संध्याकाळी दोघं समोरासमोर बसून गप्प जेवत होती. "मग मी लावलं की उठून का जायचीस गं?" त्यांना नीट विचारताही येईना.

काकूंनी बराच वेळ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. "तुमच्यासमोर रडले असते. मग तुम्ही ऐकणं सोडलं असतं."

काका रडले. आडदांड माणूस रडतो तेव्हा फार वाईट दिसतं; खांदे हलतात आणि काय करावं ते कुणालाच सुचत नाही. त्यांनी सगळं सांगितलं. चोरांचं पत्र, फोनवरचा मुलगा, दारोदार फिरणं, सत्त्याण्णव टक्के. "तुझा आवाज मीच पुसला," ते म्हणत राहिले. "दर रविवारी मीच पुसला. कार्ड पुसलं. एक ठेवलं असतं तर." काकूंनी त्यांना बोलू दिलं. त्यांनी काकांचा सदरा घेतला, घडी घातली, ढिगावर ठेवला. मग वही ओढून घेतली. या वेळी अक्षर फर्डं नव्हतं. एकेक अक्षर सुटं, शाळेतल्या पोराचं असतं तसं.

"महिना झाला ऐकून. आता मला माझा आवाज आठवत नाही. कसा होता? करून दाखवा."

"मी?" काकांनी डोळे पुसले. "अगं, माझा गळा... मी कधी गायलोय का?"

काकूंनी एक टाळी वाजवली. अहो.

काकांनी घसा खाकरला. कोणती अंगाई, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. जी पहिली आली ती त्यांनी धरली, पापा न घेता आई गेली म्हणून मुसमुसणारीची. आवाज फुटला तो भोक पडलेल्या भात्यासारखा. अर्धा वारा, अर्धा सूर. काकू पुढे सरकल्या, डोळे मिटले आणि आपला तळवा त्यांच्या गळ्यावर ठेवला. काका गायले. दुसरी ओळ चुकली, तिसरीत श्वास पुरला नाही, तरी शेवटपर्यंत नेलं. रुमालामागून काकूंचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

त्यांनी डोळे उघडले आणि नवऱ्याच्या तोंडाकडे आशेने बघत लिहिलं, "असा होता?"

हो म्हणणं किती सोपं होतं. पण सुराच्या बाबतीत हा माणूस कधी कुणाशी खोटं बोलला नव्हता.

"नाही गं," काका म्हणाले. "असा नव्हता. थांब, पुन्हा करतो."